राज्यशास्त्र : सत्ता समजून घेण्याची शिस्त

आपल्याकडे राजकारणावर बोलण्यासाठी कोणाला आमंत्रण लागत नाही. लोकलच्या डब्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही चार माणसे जमली की सरकार बनते आणि पडते. मात्र याच घरातील मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर ‘मला राज्यशास्त्र घ्यायचे आहे’ असे म्हटले, की चेहरे उतरतात. ‘म्हणजे पुढारी व्हायचे का?’ हा एक प्रश्न आणि ‘म्हणजे कलेक्टरची तयारी करायची का?’ हा दुसरा. या दोन प्रश्नांपलीकडे या विषयाला स्वतःचे काही प्रयोजन असू शकते, हे आपल्या सुशिक्षित समाजाच्याही सहसा ध्यानात येत नाही. विद्यापीठात राजकारण, लोकशाही आणि शासन यांचा अभ्यास करणे म्हणजे नेमके काय, तो विषय कसा घडला, त्यात काय शिकवतात आणि त्यातून हाती काय लागते, याचा हा परिचय.

नाव आणि व्याप्ती

शाळेत शिकवले जाणारे नागरिकशास्त्र आणि विद्यापीठातील राज्यशास्त्र यांत मोठे अंतर आहे. नागरिकशास्त्र व्यवस्था कशी असते ते सांगते: लोकसभेचे सदस्य किती, राज्यपालांची नेमणूक कोण करतो, ग्रामसभा म्हणजे काय. राज्यशास्त्र त्यापुढचे प्रश्न विचारते. ही व्यवस्था अशीच का आहे? तिचा लाभ कोणाला होतो? लोक सत्तेचे म्हणणे का मानतात आणि कधी मानायचे थांबवतात? महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांनीही आता जुने नाव सोडले असून नववी-दहावीची पुस्तके ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या नावाने येतात. नाव बदलले म्हणून अध्यापन बदलतेच असे नाही. पण अपेक्षा बदलली आहे, एवढे त्यावरून दिसते.

या शास्त्राचा आरंभ ग्रीसपर्यंत नेण्याचा प्रघात आहे आणि त्याला कारणही आहे. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी निरनिराळ्या नगरराज्यांच्या १५८ राज्यव्यवस्थांचे वर्णन संकलित केले, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सचे वर्णन इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आणि १८९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. उदाहरणे गोळा करावीत, त्यांची तुलना करावी आणि मगच निष्कर्ष काढावा, ही पद्धत आजही या विषयाचा पाया आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची संहिता म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रकाशित केली आणि राज्यसंस्थेविषयी भारतात पद्धतशीर विचारच झाला नव्हता, हा समज मोडीत निघाला. मराठीपुरते बोलायचे तर रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हा राज्यकारभाराच्या विचाराचा महत्त्वाचा ग्रंथ आहे.

विद्यापीठात प्रवेश

विचार जुना असला तरी विद्यापीठातील स्वतंत्र विषय म्हणून राज्यशास्त्र तुलनेने नवे आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात या विषयाचे अध्यासन १६२२ मध्येच स्थापन झाले होते; पण तो अपवाद. खरी सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर १८७२ मध्ये पॅरिसमध्ये राज्यशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन बर्जेस यांच्या पुढाकाराने राज्यशास्त्राची शाखा सुरू झाली, तर १८९५ मध्ये ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पोलिटिकल सायन्स’ची स्थापना झाली. यांतील शेवटची दोन नावे मराठी वाचकाला परिचयाची आहेत. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले आणि पुढे लंडनच्या याच संस्थेत शिकले. भारतीय संविधानाच्या घडणीमागे जी विद्वत्ता उभी होती, तिचा एक स्रोत या वर्गांमध्ये होता.

भारतात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. परंतु राजकारणाचा अभ्यास दीर्घकाळ इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या आश्रयाने होत राहिला. परक्या सरकारला सत्तेविषयी प्रश्न विचारणारे पदवीधर नको होते. त्याला कारकून हवे होते. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेच्या नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे जोडीने आले, तेही त्या काळाला धरूनच. १९३८ मध्ये भारतीय राज्यशास्त्र परिषद स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग सुरू झाला, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे मराठवाडा (१९५८) व शिवाजी (१९६२) विद्यापीठांच्या स्थापनेमुळे हा विषय मोठ्या शहरांबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला.

या विभागांना लाभलेली माणसेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवल्याबद्दल तुरुंगवास भोगलेल्या उषा मेहता पुढे मुंबई विद्यापीठाच्या याच विभागाच्या प्रमुख झाल्या. पुण्यात व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांचे प्रत्यक्ष सर्वेक्षण करून मतदानाच्या वर्तनावर ग्रंथ लिहिला. संविधानाची कलमे पाठ करण्यापुरता असलेला विषय त्यांच्यासारख्यांनी मतदाराच्या उंबरठ्यावर नेला.

अभ्यासाची पाच अंगे

आज पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर या विषयाची साधारणपणे पाच अंगे शिकवली जातात.

राजकीय सिद्धांत आणि विचार हे पहिले अंग. स्वातंत्र्य, समता, न्याय, अधिकार या शब्दांचा आपण रोज वापर करतो. पण स्वातंत्र्य आणि समता एकमेकांच्या आड आली तर काय करायचे, हा प्रश्न इथे उभा राहतो. प्लेटो, मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक, रूसो, मिल, मार्क्स ही पाश्चात्त्य परंपरा आणि फुले, रानडे, टिळक, गांधी, आंबेडकर, नेहरू ही आधुनिक भारतीय परंपरा या दोन्ही अभ्यासाव्या लागतात. गांधींचे ‘हिंद स्वराज’ (१९०९) आणि आंबेडकरांचे जातिनिर्मूलनावरील प्रसिद्ध भाषण (१९३६) शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी एकाच देशाच्या दोन भिन्न निदानांना सामोरा जातो.

दुसरे अंग भारतीय शासन आणि राजकारण. यात संविधान, न्यायालये, संघराज्य, पक्ष, निवडणुका, जात, चळवळी हे सारे येते. रजनी कोठारी यांनी १९६० च्या दशकात काँग्रेसच्या वर्चस्वाची जी मांडणी केली, तिच्यापासून आघाडी सरकारांच्या पर्वापर्यंतचा प्रवास इथे शिकवला जातो.

तिसरे अंग तौलनिक राजकारण, चौथे आंतरराष्ट्रीय संबंध आणि पाचवे लोकप्रशासन. या शेवटच्या अंगात धोरण मंत्रालयातून निघून तलाठी कार्यालयापर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, हे पाहिले जाते. महाराष्ट्रात १९६२ पासून अमलात आलेली जिल्हा परिषद-पंचायत समितीची व्यवस्था आणि १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी तिच्यात आणि नगरपालिकांत झालेला बदल हे आपल्या विद्यार्थ्यांसाठी घराजवळचे उदाहरण आहे.

एक घटना, अनेक प्रश्न

ही अंगे कागदावर वेगळी दिसतात. प्रत्यक्षात ती एकाच घटनेवर प्रकाश टाकतात. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात शिवसेनेत फूट पडली आणि सरकार बदलले. वृत्तवाहिन्यांवर हा प्रसंग निष्ठा आणि गद्दारी या दोन शब्दांत संपला. राज्यशास्त्राचा विद्यार्थी त्याकडे कसा पाहील?

तो आधी कायद्याचा इतिहास पाहील. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षांतरावर बंधन घातले गेले. त्या वेळी एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला सूट होती. ती २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्यावरील विलीनीकरणाचा मार्गच तेवढा उरला. मग तो विचारील, मूळ पक्ष कोणता हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या निकषावर? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निकालात प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे, असे सांगितले. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्याचा निर्णय योग्य नव्हता, असे म्हटले. मात्र मुख्यमंत्र्यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येत नाही, असेही स्पष्ट केले. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे गेला आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी शिंदे गटालाच मूळ पक्ष मानून कोणत्याही गटाच्या आमदारांना अपात्र ठरवले नाही. सत्ताधारी बाजूकडून निवडून आलेल्या अध्यक्षाने न्यायाधीशाची भूमिका बजावावी का, हा संस्थांच्या रचनेचा प्रश्न इथे उघड होतो.

तौलनिक अभ्यासक आणखी पुढे जाईल. ब्रिटनमध्ये पक्षादेश झुगारणारा खासदार पक्षातून काढला जाऊ शकतो, पण त्याची जागा जात नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्याचे ३८ वे कलम प्रतिनिधीला केवळ त्याच्या विवेकाशी बांधील मानते. उलट बांगलादेशाच्या १९७२ च्या संविधानातील ७० वे कलम पक्षाविरुद्ध मत देणाऱ्याची जागाच रिक्त करते. मग प्रतिनिधी कोणाचा? मतदाराचा, पक्षाचा की स्वतःच्या सदसद्विवेकाचा? आणि राजकीय इतिहासाचा विद्यार्थी आठवण करून देईल की, १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार सहकाऱ्यांच्या बाहेर पडण्याने कोसळले, तेव्हा पक्षांतरबंदी कायदा अस्तित्वातच नव्हता. कायदा आल्यावर पक्षांतर थांबले की केवळ घाऊक झाले?

या अभ्यासाअंती विद्यार्थ्याचा कल कोणत्या बाजूला जाईल हे सांगता येत नाही आणि ते सांगणे शिक्षकाचे काम नाही. पण तो बाजू घेईल तेव्हा कारणे देऊ शकेल. विषयाचे प्रयोजन एवढेच आहे.

मोजणे आणि ऐकणे

राज्यशास्त्र ‘शास्त्र’ आहे का, हा वाद जुना आहे. प्रयोगशाळेत निवडणूक घेता येत नाही. तरीही काटेकोर निरीक्षण शक्य असते. दिल्लीत १९६३ मध्ये रजनी कोठारी यांनी स्थापन केलेल्या ‘विकसनशील समाज अध्ययन केंद्रा’ने निवडणूक सर्वेक्षणांची परंपरा उभी केली आणि १९९७ पासून ‘लोकनीती’ उपक्रमाने राज्याराज्यांतील अभ्यासकांचे जाळे विणले. पुणे विद्यापीठातील अध्यापक आणि विद्यार्थी या कामात सहभागी झाले. याद्या हाती घेऊन खेडोपाडी, झोपडपट्ट्यांत, सोसायट्यांत जाऊन विद्यार्थ्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या. मतदारयादीतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या व्यक्तीलाच भेटायचे, शेजारी घरात आहे म्हणून त्याला विचारायचे नाही, हा साधा नियम पाळताना नमुना म्हणजे काय ते जितके कळते, तितके ते पुस्तकातून कळत नाही.

अशा अभ्यासांनी अनेक समज तपासले. पाश्चात्त्य लोकशाह्यांत संपन्न आणि शिक्षित वर्ग अधिक मतदान करतो. भारतात गरीब आणि दलित मतदारही तितक्याच, किंबहुना अधिक उत्साहाने मतदान करतात, हे १९९० च्या दशकातील सर्वेक्षणांतून पुढे आले. शहरी वाचकाने यावर थोडे थांबावे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. कोल्हापूर आणि गडचिरोली जिल्हे पुढे राहिले आणि मुंबई शहर बरेच मागे. राजकारण बिघडले आहे अशी तक्रार कोण करते आणि ते घडवायला रांगेत कोण उभे राहते, याचा हिशेब या आकड्यांतून मांडता येतो.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्रातील राज्यशास्त्राचे बहुसंख्य विद्यार्थी मराठीतून शिकतात आणि मराठीतूनच परीक्षा देतात. त्यांच्यासाठी स. मा. गर्गे यांनी संपादिलेला ‘भारतीय समाजविज्ञान कोश’, मराठी विश्वकोशातील नोंदी, राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांचा ‘राज्यशास्त्र कोश’ ही साधने मोलाची आहेत. नागपूरचे भा. ल. भोळे, पुण्याचे यशवंत सुमंत यांच्यासारख्या अध्यापकांनी मराठीत लिहिणे आणि गावोगावी व्याख्याने देणे हे अध्यापनाचाच भाग मानले. राजेंद्र व्होरा यांनी १९२०-२४ च्या मुळशी सत्याग्रहावर ग्रंथ लिहून, धरणग्रस्तांच्या लढ्याचा इतिहास आपल्या दाराशीच सुरू होतो हे दाखवून दिले.

तरीही दरी मोठी आहे. नवे संशोधन इंग्रजीत येते. मराठी विद्यार्थ्याच्या हाती मात्र अनेकदा परीक्षेपुरती मार्गदर्शिका पडते. ‘लेजिटिमसी’साठी ‘अधिमान्यता’ आणि ‘हेजिमनी’साठी ‘धुरीणत्व’ हे प्रतिशब्द घडले, पण शब्द माहीत असणे आणि संकल्पना उमगणे यांत फरक आहे. गावच्या सहकारी सोसायटीत कोणाच्या शब्दाला वजन आहे आणि का, हे ज्या विद्यार्थ्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला धुरीणत्व कळायला अवघड नसते. त्याने पाहिलेले आणि पुस्तकात लिहिलेले एकच आहे, हे जोडून देणारा शिक्षक लागतो. कायम पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांच्या भरवशावर विभाग चालवले, तर तो शिक्षक मिळायचा कुठून?

वर्गातील लोकशाही, वर्गाबाहेरची लोकशाही

लोकशाही शिकवणाऱ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांना स्वतः मत देण्याची संधी किती मिळते, हा प्रश्न महाराष्ट्रात अडचणीचा आहे. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. पण तिची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. म्हणजे अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडण्यास पात्र ठरलेला विद्यार्थी आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास मात्र अपात्र, अशी अवस्था दोन पिढ्यांनी पाहिली. हिंसाचाराची भीती खोटी नव्हती. परंतु पोहताना बुडण्याचा धोका असतो म्हणून पोहणे काठावरूनच शिकवायचे, असा हा प्रकार झाला.

अध्यापनस्वातंत्र्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००६ च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात संविधाननिर्मितीच्या संथ गतीवरील शंकर यांचे १९४९ मधील व्यंगचित्र होते. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. २०२३ मध्ये, पुस्तकांतील मजकूर मोठ्या प्रमाणात वगळल्यानंतर, याच दोघांनी आपली नावे पुस्तकांतून काढावीत अशी मागणी केली. ज्यांना व्यंगचित्राने दुखावले त्यांचे दुःख खरे असू शकते. पण मतभेदाचे उत्तर खुर्च्या फोडून द्यायचे की युक्तिवादाने, हा राज्यशास्त्राचा पहिला धडा आहे.

प्रवेश आणि पुढील वाटा

बारावीनंतर कोणत्याही शाखेचा विद्यार्थी हा विषय घेऊ शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी असे पर्याय आले असून, चार वर्षे पूर्ण करणाऱ्यास पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळवता येते. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षा आहे. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांचे मार्ग खुले आहेत.

अध्यापनाकडे वळायचे तर ‘नेट’ किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेत असलेली ‘सेट’ परीक्षा महत्त्वाची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांचा वैकल्पिक विषय आहे, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने महाराष्ट्रातही लिहून मांडणी करण्याची सवय पुन्हा कामी येत आहे. याखेरीज पत्रकारिता, कायदा, धोरण संशोधन, स्वयंसेवी संस्था, निवडणूक सर्वेक्षण ही क्षेत्रे आहेत. दिल्लीतील ‘पीआरएस’ या संस्थेने सुरू केलेल्या अधिछात्रवृत्तीत तरुण पदवीधर खासदारांना संसदीय कामात साहाय्य करतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग भरवण्याची परंपरा आहे. सभागृह गॅलरीतून पाहण्याचा तो अनुभव चुकवू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात: विषयाचे पूर्णवेळ अध्यापक किती, ग्रंथालयात नियतकालिके कोणती येतात आणि विद्यार्थ्यांकडून क्षेत्रीय काम करून घेतले जाते का. इमारतीच्या उंचीपेक्षा या उत्तरांवरून विभागाची उंची कळते.

एक अपुरी राहिलेली शाळा

१९५६ च्या जुलैत, आपल्या आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. विद्यार्थी मोजके होते. डिसेंबरमध्ये बाबासाहेबांचे निधन झाले आणि ती शाळा फार काळ चालली नाही. संविधान लिहून झाल्यावरही, ते चालवणारी माणसे शिकवून तयार करावी लागतात असे त्यांना वाटले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. संविधानसभेत त्यांनी सांगितलेली संवैधानिक नीती माणसात उपजत नसते; ती जोपासावी लागते, हे त्यांचे म्हणणे होते.

राज्यशास्त्राचा प्रत्येक वर्ग त्या अपुऱ्या शाळेचा पुढचा तास असू शकतो. तिथून बाहेर पडणारे सगळे आमदार किंवा अधिकारी होणार नाहीत. त्यांतले बहुतेक शिक्षक, वकील, बँकेतले कर्मचारी, दुकानदार, गृहिणी होतील. पण आपल्या प्रभागातल्या सभेत उभे राहून ‘हा ठराव कोणत्या नियमाखाली?’ असे शांतपणे विचारणारा एक माणूस त्यांतून तयार झाला, तरी विषय शिकवल्याचे सार्थक झाले म्हणायचे.